कारखाना आहे, मागणी आहे, तरी कॅप्सूल मिळेना. युरोपातल्या औषधटंचाईचं घोडं अडलंय डुकराच्या स्वादुपिंडात

ताट वाढलेलं आहे. भूकही लागलीये. पण जेवायचं की नाही, हे ठरवण्याआधी डबीतल्या कॅप्सूल मोजाव्या लागतायत. आज एवढ्या घेतल्या तर पुढची डबी मिळेपर्यंत पुरतील का? नाही पुरल्या तर? मग आजचं एक जेवण टाळायचं.

2024 पासून ब्रिटनमधल्या अनेक रुग्णांच्या घरात हा हिशोब सुरू झाला. हे लोक गरीब म्हणून उपाशी राहत नव्हते. कॅप्सूल घेतल्याशिवाय खाल्लेलं अन्न त्यांच्या अंगी लागतच नाही आणि ती कॅप्सूल दुकानात नव्हती.

औषधाचं नाव पॅन्क्रिॲटिन. त्यातला सगळ्यात ओळखीचा ब्रँड म्हणजे क्रिऑन. युरोपात तो व्हायाट्रिस ही कंपनी विकते, अमेरिकेत ॲबव्ही आणि भारतात ॲबॉट. म्हणजे विकणाऱ्या कंपन्या मोठ्या आहेत, औषध जुनं आहे आणि गिऱ्हाईकही ठरलेलं आहे. मग टंचाई का झाली?

उत्तर शोधायला औषधाच्या कारखान्यातून थेट कत्तलखान्यात जावं लागतं. कारण हे औषध रसायनांच्या पिंपातून निघत नाही. ते डुकराच्या स्वादुपिंडातून काढलं जातं.

नेमकं झालं काय?

24 मे 2024 रोजी ब्रिटन सरकारनं क्रिऑनच्या 10,000 आणि 25,000 युनिटच्या कॅप्सूलसाठी गंभीर टंचाईचा आदेश काढला. डॉक्टरनं चिठ्ठीवर कितीही महिन्यांचं औषध लिहिलेलं असो, दुकानदारानं एका वेळी एकाच महिन्याचं द्यायचं, असा त्याचा अर्थ. त्याच सुमारास तिथल्या सरकारी आरोग्यसेवेनं देशभर इशाराही दिला. युरोपातल्या इतर देशांतही हीच ओरड सुरू झाली. संकट थोड्या महिन्यांत मिटेल असं वाटत होतं, पण मुदत पुन्हा पुन्हा वाढवावी लागली.

कारणं दोन सांगितली गेली. एक, औषधाचा मूळ घटक पुरेसा मिळत नाही. दोन, लागेल तेवढा माल काढण्याची उत्पादनक्षमता नाही. त्यात मागणी वाढत गेली. स्वादुपिंडाचे आजार आता जास्त ओळखले जातात आणि ते झालेल्या रुग्णांना हे औषध दिलं पाहिजे, ही जाणीवही डॉक्टरांमध्ये वाढलीये.

क्रिऑन मिळत नाही म्हटल्यावर लोक दुसऱ्या ब्रँडकडे वळले. मग तिथेही खडखडाट झाला. कारण ब्रँड वेगळे असले तरी कच्चा माल एकच आहे, डुकराचं स्वादुपिंड.

एका कॅप्सूलवाचून जेवण का अडतं?

स्वादुपिंड म्हटलं की आपल्याला इन्सुलिन आणि डायबेटिस आठवतो. पण या अवयवाचं दुसरं काम तेवढंच मोठं आहे. निरोगी माणसाचं स्वादुपिंड दिवसाला साधारण दीड लिटर पाचकरस आतड्यात सोडतं. त्यात तीन मुख्य प्रकारचे एन्झाइम असतात. लायपेज चरबी तोडतं. अमायलेज पिष्टमय पदार्थ तोडतं. प्रोटिएज प्रथिनं तोडतं, ट्रिप्सिन हे त्यातलंच एक.

निसर्गानं यात भरपूर शिल्लक ठेवलेली आहे. ही क्षमता 90 टक्क्यांच्या आसपास संपेपर्यंत चरबी न पचल्याची ठळक लक्षणं दिसत नाहीत. पण एकदा ती रेषा ओलांडली की परिणाम लगेच दिसतात. शौच तेलकट आणि दुर्गंधीयुक्त होतं, पोट फुगतं, वजन झरझर उतरतं. ए, डी, ई आणि के ही जीवनसत्त्वं चरबीसोबत शोषली जातात, तीही वाया जातात.

हे कुणाला होतं? स्वादुपिंडाला वारंवार सूज येणारे, स्वादुपिंडाच्या कॅन्सरचे रुग्ण, ऑपरेशनमध्ये स्वादुपिंड काढावं लागलेले आणि सिस्टिक फायब्रोसिस हा जन्मजात आजार असलेली मुलं. या सगळ्यांना बाहेरून एन्झाइम घ्यावे लागतात, तेही रोज आणि प्रत्येक खाण्यासोबत.

आता हिशोब बघा. ब्रिटनमध्ये मोठ्या माणसाला सुरुवातीला जेवणासोबत 50,000 युनिट आणि मधल्या खाण्यासोबत 25,000 युनिट लायपेज देण्याची पद्धत आहे. म्हणजे तीन जेवणं आणि दोन वेळचा नाश्ता धरला, तर 25,000 च्या 8 कॅप्सूल दिवसाला लागतात. महिन्याला 240. ही फक्त सुरुवात, अनेकांना याहून जास्त लागतात. आठवड्याला एक गोळी लागणाऱ्या औषधाची टंचाई वेगळी आणि घासागणिक लागणाऱ्या औषधाची वेगळी.

डुकराच्या पोटातून कॅप्सूलपर्यंत

डुकरं मांसासाठी कापली जातात. स्वादुपिंड हा त्या धंद्यातला जोडमाल आहे. पशुवैद्यकांनी तपासलेल्या प्राण्यांचंच स्वादुपिंड औषधासाठी चालतं. ते काढल्यावर लगेच गोठवावं लागतं. कारण या अवयवात एन्झाइम ठासून भरलेले असतात, उशीर झाला की ते स्वतःलाच पचवायला लागतात.

पुढे कारखान्यात त्याचा खिमा केला जातो. इथे एक गंमत आहे. ट्रिप्सिन स्वादुपिंडात झोपलेल्या अवस्थेत असतं. जागं असतं तर त्यानं प्राण्याचंच स्वादुपिंड खाल्लं असतं. जिवंत प्राण्यात ते आतड्यात पोचल्यावर दुसरं एक एन्झाइम त्याला जागं करतं. कारखान्यातही ही जागं करण्याची पायरी नीट सांभाळून करावी लागते. कमी झाली तर प्रथिनं तोडण्याची ताकद मिळत नाही. जास्त झाली तर जागं झालेलं ट्रिप्सिन शेजारच्या लायपेजचाच फडशा पाडतं.

मग तंतू गाळून काढतात, अल्कोहोलसारख्या द्रावकानं एन्झाइम खाली बसवतात, चरबी वेगळी करतात, कमी तापमानाला वाळवतात आणि दळतात. तयार होते ती पिवळट पावडर म्हणजे पॅन्क्रिॲटिन.

पण ही पावडर तशीच गिळली तर जठरातलं आम्ल लायपेजला कायमचं मारून टाकेल. म्हणून तिचे बारीक दाणे करून प्रत्येक दाण्यावर आम्लात न विरघळणारं आवरण चढवतात. आम्लता कमी झाल्यावर, म्हणजे पीएच साधारण 5.5 च्या पुढे गेल्यावर, आतड्यात ते आवरण सुटतं आणि एन्झाइम अन्नात मिसळतात.

शुद्ध करणं म्हणजे नेमकं काय?

पॅन्क्रिॲटिन हे मुद्दाम मिश्रण ठेवलेलं औषध आहे. पण त्याच स्वादुपिंडातून एखादंच एन्झाइम वेगळं काढायचं असेल तर? हे काम जगभरच्या बायोकेमिस्ट्रीच्या प्रयोगशाळांत रोज चालतं आणि ते समजलं की टंचाईचं कोडंही सुटतं.

पेशींमध्ये हजारो प्रकारची प्रथिनं असतात. त्यातलं एकच हवंय. म्हणजे दसऱ्याच्या बाजारात हजारो लोकांत एक माणूस शोधायचा आहे आणि त्याचा फोटोही नाही. फक्त तो कोणतं काम करतो एवढं माहीत आहे.

म्हणून शास्त्रज्ञ कामाचाच माग काढतात. ऊती थंडगार ठेवून वाटायच्या, 4 अंश सेल्सिअसच्या आसपास. मग सेंट्रिफ्यूजमध्ये गरागरा फिरवून चोथा खाली बसवायचा. वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट हे मीठ हळूहळू घालायचं. प्रत्येक प्रथिन मिठाच्या वेगवेगळ्या प्रमाणाला खाली बसतं, त्यामुळे पहिली चाळणी होते. नंतर हे द्रावण नळीत भरलेल्या दाण्यांमधून सोडायचं. काही दाणे विद्युतभारानुसार प्रथिनं वेगळी करतात, काही आकारानुसार, तर काही फक्त हव्या त्याच एन्झाइमला धरून ठेवतात.

प्रत्येक पायरीनंतर दोन गोष्टी मोजायच्या. एकूण प्रथिन किती उरलं? आणि काम किती होतंय?

एक सोपं उदाहरण घेऊ. समजा सुरुवातीच्या रसात 10,000 मिलिग्रॅम प्रथिन आहे आणि त्याची एकूण ताकद 20,000 युनिट आहे. म्हणजे एका मिलिग्रॅममागे 2 युनिट. सगळ्या पायऱ्या झाल्यावर हाती उरलं फक्त 10 मिलिग्रॅम प्रथिन आणि ताकद 5,000 युनिट. म्हणजे एका मिलिग्रॅममागे 500 युनिट. शुद्धता 250 पट वाढली, पण सुरुवातीच्या ताकदीपैकी फक्त 25 टक्के हाती आली. बाकीची 75 टक्के वाटेत सांडली, मेली किंवा नको त्या भागात निघून गेली.

शुद्धता हवी असेल तर माल गमवावा लागतो. हा सौदा या धंद्यात चुकत नाही. जितकं शुद्ध हवं, तितकी स्वादुपिंडं जास्त लागतात.

एन्झाइम म्हणजे काय, यावरूनच वाद होता

आज हे सोपं वाटतं. पण शंभर वर्षांपूर्वी एन्झाइम नेमकं कशाचं बनलेलं असतं, यावरच शास्त्रज्ञांचं एकमत नव्हतं.

पेप्सिन हे जठरातलं एन्झाइम थिओडोर श्वान यांनी 1836 मध्ये शोधलं होतं. पण ते हातात धरून दाखवणं कुणाला जमलं नव्हतं. 1915 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेले जर्मन शास्त्रज्ञ रिखार्ड विलश्टेटर म्हणत होते की एन्झाइम हे प्रथिन नाहीच. त्यांच्याकडे पुरावाही होता. त्यांनी शुद्ध केलेल्या द्रावणात एन्झाइमचं काम दिसायचं, पण प्रथिन सापडायचं नाही.

चूक कुठे होती? एन्झाइम इतक्या थोड्या प्रमाणात काम करतं की त्या काळच्या चाचण्यांना ते दिसतच नव्हतं. काम दिसत होतं, कामगार दिसत नव्हता.

1926 मध्ये अमेरिकेत जेम्स समनर यांनी जॅक बीन या शेंगेच्या बियांतून युरिएज या एन्झाइमचे स्फटिक काढले आणि ते प्रथिन असल्याचं सांगितलं. अनेकांनी विश्वास ठेवला नाही. मग जॉन नॉर्थ्रॉप यांनी बाजारात मिळणाऱ्या पेप्सिन पावडरपासून सुरुवात केली आणि 1930 च्या सुमारास त्याचे स्फटिक मिळवले. पुढे स्वादुपिंडातल्या ट्रिप्सिनचेही स्फटिक झाले. वाद मिटला. 1946 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये समनर आणि नॉर्थ्रॉप दोघांचाही वाटा होता.

या कथेत कत्तलखान्यांचं योगदानही मोठं आहे. शिकागोची आर्मर ही मांसप्रक्रिया करणारी बलाढ्य कंपनी. तिच्या प्रयोगशाळेनं गाईगुरांच्या स्वादुपिंडातून रायबोन्युक्लिएज नावाचं एन्झाइम तब्बल 1 किलो शुद्ध केलं आणि शास्त्रज्ञांना त्याचे छोटे नमुने फुकट वाटले. त्याच एन्झाइमवरच्या कामासाठी 1972 चं रसायनशास्त्राचं नोबेल ख्रिश्चन अँफिन्सन, स्टॅनफर्ड मूर आणि विल्यम स्टाइन यांना मिळालं.

वजन नाही, काम मोजायचं

क्रोसिनच्या गोळीवर मिलिग्रॅम लिहिलेलं असतं. क्रिऑनवर मात्र 10,000 किंवा 25,000 असा आकडा असतो आणि तो वजनाचा नसतो. तो कामाचा असतो.

लायपेजचं एक युनिट म्हणजे काय? ठरलेल्या तापमानाला, ठरलेल्या पीएचला, ऑलिव्ह तेलातून एका मिनिटात ठरावीक प्रमाणात आम्ल सुटं करण्याची ताकद. प्रयोगशाळेत खरंच ऑलिव्ह तेलाचं मिश्रण घेऊन ही चाचणी होते.

याचा अर्थ असा की तापमान, पीएच किंवा चाचणीचा पदार्थ बदलला की आकडाही बदलतो. युरोपातल्या क्रिऑन 25,000 वर लायपेज 25,000, अमायलेज 18,000 आणि प्रोटिएज 1,000 असं लिहिलेलं असतं. अमेरिकेतल्या क्रिऑन 24,000 वर लायपेज 24,000, पण अमायलेज 1,20,000 आणि प्रोटिएज 76,000. अमेरिकेतली कॅप्सूल प्रोटिएजमध्ये 76 पट जोरदार आहे का? अजिबात नाही. दोन्हीकडची मोजपट्टी वेगळी आहे. प्रोटिएजचं एक युरोपीय युनिट म्हणजे अमेरिकेची 62.5 युनिट.

कामावर मोजण्यातून दुसरी अडचण येते. एन्झाइम हळूहळू मरत असतं. डबी उन्हात राहिली, ओलावा लागला, तर वजन तेवढंच राहतं पण काम कमी होतं. पूर्वी कंपन्या यावर तोडगा म्हणून डबीवर लिहिलंय त्यापेक्षा जास्त माल आत भरायच्या. त्यामुळे ताज्या डबीत जास्त ताकद आणि जुन्या डबीत कमी, असा प्रकार व्हायचा.

हे धोक्याचं होतं. 1994 मध्ये ब्रिटनमध्ये जास्त ताकदीचे एन्झाइम घेणाऱ्या सिस्टिक फायब्रोसिसच्या काही मुलांचं मोठं आतडं आकसल्याचं समोर आलं. त्यानंतर दिवसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे 10,000 लायपेज युनिटपेक्षा जास्त द्यायचं नाही, अशी मर्यादा घातली गेली. म्हणजे कमी पडलं तर अन्न पचत नाही आणि जास्त झालं तर आतड्याला धोका.

अमेरिकेत तर हे औषध कित्येक दशकं औपचारिक मंजुरीशिवाय विकलं जात होतं, कारण ते कायद्याहून जुनं होतं. ब्रँडनुसार ताकद बदलते हे लक्षात आल्यावर 2004 मध्ये तिथल्या एफडीएनं सगळ्या कंपन्यांना मंजुरी घ्यायला लावली. क्रिऑनला ती एप्रिल 2009 मध्ये मिळाली. ज्यांना आपल्या मालाची ताकद सिद्ध करता आली नाही, ते बाजारातून बाहेर पडले.

रुग्णासाठी हे चांगलंच झालं. पण त्याची दुसरी बाजू अशी की या धंद्यात उद्या कुणीही उतरू शकत नाही. चांगलं स्वादुपिंड मिळवणारे, ते वेळेत गोठवणारे आणि प्रत्येक बॅचची ताकद सिद्ध करून दाखवणारे कारखाने मोजकेच आहेत. मागणी वाढली म्हणून त्यांची संख्या वर्षभरात दुप्पट होत नाही.

मग इन्सुलिनसारखं जंतूंकडून का बनवत नाहीत?

हा प्रश्न कुणालाही पडेल. एकेकाळी इन्सुलिनही डुकरांच्या आणि गुरांच्या स्वादुपिंडातूनच काढायचे. 1982 मध्ये जंतूंकडून बनवलेलं मानवी इन्सुलिन आलं आणि तो भार हलका झाला.

पण इन्सुलिन हा एकटा, छोटासा रेणू आहे. ते सुईनं थेट शरीरात जातं. इथे मात्र अनेक एन्झाइमची टोळी लागते. लायपेजला नीट काम करायला कोलायपेज नावाचा मदतनीस लागतो. शिवाय हे सगळं जठराच्या आम्लातून वाचून, पित्तरसात टिकून, ताटात काय वाढलंय ते न बघता काम करणारं हवं.

प्रयत्न झाले नाहीत असं नाही. डुक्कर टाळून तीन एन्झाइम एकत्र करणारं लिप्रोटामेज नावाचं औषध तयार झालं. 2011 मध्ये एफडीएनं त्याला मंजुरी दिली नाही. पुढे दुसऱ्या कंपनीनं ते हाती घेतलं, पण 2018 मधली चाचणीही उद्दिष्ट गाठू शकली नाही. चरबी शोषली जाण्याच्या परीक्षेत डुकराचं जुनं मिश्रण पुढेच राहिलं.

गाईगुरांचं स्वादुपिंड का नाही? एक तर त्यात लायपेज डुकरापेक्षा कमी असतं. दुसरं म्हणजे 1990 च्या दशकात युरोपात मॅड काउ आजाराची दहशत पसरली आणि गुरांच्या ऊतींपासून औषधं बनवण्यावर कडक नजर आली.

सगळी अंडी एकाच टोपलीत

डुकरावर अवलंबून असलेलं हे एकटंच औषध नाही. रक्त पातळ ठेवणारं हेपरिन डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून काढतात. ते एन्झाइम नाही, पण वाट तीच.

जगातली जवळपास निम्मी डुकरं चीनमध्ये आहेत. ऑगस्ट 2018 मध्ये तिथे आफ्रिकन स्वाइन फिव्हर शिरला आणि कोट्यवधी डुकरं गेली. हेपरिनचा कच्चा माल महागला. त्याची झळ भारतापर्यंत आली. 2020 मध्ये औषधांच्या किमती ठरवणाऱ्या राष्ट्रीय प्राधिकरणानं हेपरिनच्या कमाल किमतीत 50 टक्के वाढ करायला परवानगी दिली. कोविडच्या काळात हे औषध मिळत राहावं, म्हणून.

डुकरं किती कापायची हे मांसाचा बाजार ठरवतो. औषधाला जास्त स्वादुपिंडं लागतात म्हणून कुणी जास्त डुकरं पाळत नाही. म्हणजे नेहमीचं अर्थशास्त्र इथे तोकडं पडतं. मागणी वाढली की पुरवठा वाढतो, हा नियम जोडमालाला तसाच लागू होत नाही.

भारतातल्या रुग्णाला याचा काय संबंध?

पहिलं म्हणजे आजार इथेही आहे. दक्षिण भारतात, विशेषतः केरळमध्ये, दारूला न शिवलेल्या तरुणांमध्येही स्वादुपिंडात खडे होऊन ते निकामी होण्याचा आजार अनेक दशकांपासून नोंदवला गेलाय. पॅन्क्रिॲटिनच्या कॅप्सूल भारतातही विकल्या जातात आणि त्यांचा स्रोतही डुक्करच आहे.

दुसरं, दात काढल्यावर किंवा मुका मार लागल्यावर सूज उतरायला डॉक्टर बऱ्याचदा ट्रिप्सिन आणि कायमोट्रिप्सिनची गोळी लिहून देतात. तिच्या पाकिटावर 1 लाख एयू असं काहीसं छापलेलं असतं. एयू म्हणजे आर्मर युनिट. हो, शिकागोची तीच आर्मर कंपनी. तिथल्या कत्तलखान्याशी जोडलेल्या प्रयोगशाळेची मोजपट्टी आज आपल्या गल्लीतल्या मेडिकलपर्यंत पोचलीये.

तिसरा प्रश्न श्रद्धेचा आहे. भारतात बिस्किटाच्या पुड्यावर शाकाहारी की मांसाहारी, ही खूण सक्तीची आहे. औषधांवर ती नाही. जैन किंवा शाकाहारी कुटुंबातला रुग्ण असो, की मुस्लिम, आपण डुकराचा अंश घेतोय हे अनेकांना माहीत नसतं. माहीत झालं की काहीजण औषध परस्पर बंद करतात. जीव वाचवायला दुसरा पर्याय नसेल तर असं औषध चालतं, असं अनेक धर्मांतले जाणकार सांगतात. पण ते विचारायला आधी माहिती मिळायला हवी. डॉक्टरनं ती आधीच दिली, तर रुग्ण निर्णय घेऊन औषध टिकवतो. नंतर व्हॉट्सॲपवरून कळलं, तर विश्वासच उडतो.

पर्याय म्हणून पपई चालेल का?

टंचाईच्या बातम्या आल्या की घरगुती उपायांचे मेसेज फिरायला लागतात. मेडिकलमध्ये पचनाच्या काही गोळ्या सहज मिळतात. त्यात पपईतलं पपेन आणि बुरशीपासून बनवलेलं डायस्टेज असतं. एक प्रथिनं तोडतं, दुसरं पिष्ट तोडतं. चरबी तोडणारं लायपेज त्यात नसेल, तर स्वादुपिंड निकामी झालेल्या रुग्णाची मुख्य अडचण तशीच राहते. जड जेवणानंतर बरं वाटणं वेगळं आणि स्वादुपिंडाची जागा भरून काढणं वेगळं.

ज्यांना खरंच या कॅप्सूल लागतात, त्यांच्यासाठी काही गोष्टी महत्त्वाच्या आहेत. कॅप्सूल जेवणासोबत घ्यायची, जेवून तासाभरानं नाही. दाणे चावायचे किंवा कुटायचे नाहीत, आवरण फुटलं की आम्ल लायपेजला मारतं. डबी उन्हात तापणाऱ्या गाडीत ठेवायची नाही. आणि एका ब्रँडवरून दुसऱ्यावर जाताना फक्त मोठा आकडा बघून चालत नाही, डॉक्टरांना विचारावं लागतं.

पुढे काय?

जंतू, बुरशी किंवा यीस्टकडून पोटात टिकणारं लायपेज बनवण्याचे प्रयत्न अनेकांनी केलेत. त्यातलं एखादं यशस्वी होईलही. पण ते बाजारात यायचं, तर त्याला आधी हेच सिद्ध करावं लागेल की एका कॅप्सूलमध्ये किती काम होतं, प्रत्येक बॅचमध्ये तेवढंच होतं का आणि डबीची मुदत संपेपर्यंत तेवढंच राहतं का.

तोवर पुरवठ्याची साखळी जशी आहे तशीच राहणार. एका टोकाला मांसाचा बाजार, मधे मोजके कारखाने आणि दुसऱ्या टोकाला प्रत्येक घासासाठी कॅप्सूल लागणारा माणूस. सरकारं करू शकतात ते एवढंच की साठा किती आहे हे वेळेत सांगायचं, एकाहून जास्त कारखान्यांना मंजुरी मिळेल असं बघायचं आणि टंचाईत सगळ्यात आधी कुणाला द्यायचं हे आधीच ठरवून ठेवायचं.

ब्रिटनमध्ये हा हिशोब टंचाई आल्यावर मांडला गेला. त्यामुळे तो रुग्णांना स्वतःच्या ताटासमोर बसून करावा लागला.